खालचा माणूस

१

पत्रा बसवायला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरचा पत्र्याला भोक पाडतो. खालचा त्या भोकातून हुकाचा बोल्ट वर ढकलतो आणि हुक आडव्या पाइपाला अडकवून बोटांनी दाबून धरतो. मग वरचा वायसर घालतो, नट लावतो आणि पान्याने आवळतो. यात डोकं लावण्यासारखं काही नाही. फक्त नट आवळताना खालच्याची बोटं हुकात राहिली, तर त्या बोटांचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय. बोटं माझ्या मेहुण्याची होती आणि पाना माझ्या हातात होता.

चार वर्षं झाली त्याला. सकाळी कुणाशी तरी वाजलं होतं आणि तो राग मी नटावर काढत होतो. माझा राग असाच आहे, कुठे सुरू होतो आणि कुणावर निघतो याचा मेळ नसतो. मेहुण्याचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एकच बोलली, "माझ्या पाठचा एकच भाऊ आहे. कामाला नेता तसा आणून सोडायचा. नाहीतर तुम्हीही येऊ नका."

तेव्हापासून आमचा कायदा झाला. खालच्याने हातोडीच्या दांड्याने पत्र्याला दोन ठोके दिले, की बोल्ट आला, नट लाव. तीन ठोके दिले, की बोटं काढली, आवळ. तीन ऐकल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. वरून खालचं काही दिसत नाही, त्यामुळे कानावरच सगळा कारभार. तोंडाने ओरडलेलं वाऱ्यात विरून जातं, पण पत्र्यावरचा ठोका तळपायाला कळतो.

मेहुण्याला सगळे पक्कड म्हणतात. एकदा धरलं की सोडत नाही, अशी त्याची बोटं आहेत. तोंडही तसंच, एकदा सुरू झालं की थांबत नाही. पण मला कधी उलटून बोलायचा नाही. मी शिव्या घातल्या तरी "बरं दाजी" म्हणून कामाला लागायचा. त्याचा मला कधीकधी जास्तच राग यायचा.

२

घर एका नर्सबाईंचं होतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एकामागे एक तीन खोल्या. समुद्राकडे पुढची खोली, मग मधली, आणि मागे स्वयंपाकघर. पंधरा दिवसांपूर्वीच्या वादळाने छप्पर अख्खं उचलून नेलं होतं. बाई अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना घेऊन दवाखान्याच्या एका कोपऱ्यात राहत होत्या. आता दुसरं वादळ यायचं होतं. "परवा संध्याकाळी मी वडिलांना घेऊन येणार," त्या म्हणाल्या. "छप्पर असो नसो. तिथे आता आम्हाला कुणी ठेवणार नाही." बाईंचा आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

समुद्राकाठी पत्रे मागून पुढे घालत आणायचे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. म्हणजे एकावर एक चढलेल्या पत्र्यांच्या कडा वाऱ्याकडे पाठ करून राहतात आणि वारा आत शिरत नाही. आम्ही स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत ते झाकलं आणि मधल्या खोलीवर आलो. खिडक्यांना वादळापासून फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यामुळे जसजसा पत्रा पुढे सरकत होता तसतसा खाली काळोख होत होता.

मधल्या खोलीवर काम एकदम पळायला लागलं. मी भोक पाडायचो, पुढच्याच क्षणाला बोल्टचं टोक वर यायचं. टक टक. मी नट लावायचो. टक टक टक. मी आवळायचो. पक्कड एरवी बोल्ट लावता लावता खालून गाणी म्हणतो, विड्या ओढतो, दर दहा मिनिटांनी पाणी मागतो. आज चकार शब्द नाही. "आज बरा हात चालतोय रे!" मी ओरडलो. "लग्न ठरलं की काय?"

उत्तरादाखल नुसते दोन ठोके आले.

मी कंबर सरळ करायला उभा राहिलो. समोर रस्ता दिसत होता. रस्त्यावरून पक्कड येत होता, खांद्यावर वायसरची पिशवी, तोंडात विडी. तासाभरापूर्वी मीच त्याला दुकानात पाठवलं होतं. ते माझ्या पार डोक्यातून गेलं होतं.

माझ्या पायाखाली पत्र्याला तीन ठोके पडले.

३

मी शिडी उतरलो ती जीव मुठीत धरून, पण खोलीत शिरलो तो शिव्या देत. घाबरलो की मला शिव्या सुचतात. मधली खोली रिकामी होती. ओला चुना, खारट वारा, आणि भिंतीला टेकवलेला एक मोडका पंखा. ज्यावर उभं राहून बोल्ट लावतात तो आमचा लोखंडी घोडा मागे स्वयंपाकघरात होता, जिथे पक्कडने सोडला होता तिथेच. पाइप माझ्या डोक्याच्या दीड हात वर. घोड्याशिवाय तिथे कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

आणि पाइपाला ओळीने अकरा हुक अडकवलेले होते. चोख काम. पण आम्ही हुकाचं तोंड नेहमी समुद्राच्या उलट बाजूला ठेवतो, म्हणजे समुद्राचा खार आत बसत नाही. हे अकराही समुद्राकडे तोंड करून होते.

पक्कड दारात आला. "दाजी, उतरलात का?"

"हे कुणी लावले?"

त्याने वर पाहिलं. मग माझ्याकडे. "तुम्ही वर होतात, मी दुकानात होतो. मला काय विचारता?"

मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. जाण्याआधी बोल्ट लावून ठेवले असतील, तारेने बांधले असतील, शिवाय खाली एखादा मित्र ठोकायला बसवला असेल. माणूस भीती टाळायला काय काय जोडतो! मी त्याच्या कानाखाली वाजवली. इतकी जोरात की विडी उडून चुन्यात पडली. "माझ्याशी चेष्टा करतोस? बोटाचा खेळ आहे हा, कळतं का तुला?"

"बोट माझं गेलंय, दाजी," तो गाल धरून म्हणाला. "मी त्याची चेष्टा करीन?"

त्याचं खरं होतं. ते मला कळलं, म्हणून मी त्याला आणखी एक ठेवून दिली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज मी खाली, तू वर. मला बघायचंच होतं. मधल्या खोलीचे दोन पत्रे राहिले होते. समुद्र आतापासूनच खवळला होता आणि वारा थांबून थांबून धक्के देत होता, कुणी दाराला खांदा लावावा तसा.

मी घोड्यावर चढलो. कंदील पेटवून भिंतीच्या खिळ्याला टांगला. खोली पुन्हा एकदा नीट पाहून घेतली, चारही कोपरे. मग बोल्ट वर ढकलला, हुक पाइपाला लावला, दोन बोटांनी दाबला आणि दुसऱ्या हाताने दांड्याने ठोकलं. टक टक. वर पक्कडने नट लावल्याचं जाणवलं.

मग माझ्यापासून दोन हातांवर, माझ्याच उंचीवर, त्याच पत्र्याला तीन ठोके पडले.

मी तिकडे पाहिलं. पाहिलं, हेच चुकलं. आधी बोटं काढायला हवी होती. पत्रा तिथे हलकासा थरथरत होता, बस्स. तेवढ्यात नट फिरला. माझ्या दोन बोटांवर हुक चढला आणि हाडाचा आवाज आला. तो मला कानांनी नाही, दातांनी ऐकू आला. मी किंचाळलो. पक्कडने घाईघाईने नट सैल केला, पण तोवर रक्त कोपरावरून खाली ठिबकायला लागलं होतं.

तो उतरून आला तोच मी त्याची कॉलर धरली.

"तुम्ही तीन ठोकलेत, दाजी!"

"मी दोन ठोकले!"

"तीन! आधी दोन, मग तीन. आईची शपथ!"

"चार वर्षं दबा धरून बसला होतास ना? माझीही बोटं गेली की फिटलं तुझं!" मी चांगल्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो भिंतीवर आदळला, चुना त्याच्या केसांत सांडला. मी पुन्हा हात उगारला, आणि पक्कडने आयुष्यात पहिल्यांदा मला मारलं. एकच, पण जबड्यावर. माझा एक दात जिभेवर सुटा झाला. मी खाली बसलो. तोही समोर बसला आणि मुसमुसून रडायला लागला, एवढा बाप्या माणूस.

"मी मुद्दाम करीन का, दाजी?" तो म्हणत होता. "असं कसं वाटलं तुम्हाला?"

मी दात थुंकला. त्याने सूड घेतला असेल, या विचाराचं मला दुःख झालं. पण तो खरं बोलत असेल, हा दुसरा विचार त्याहून वाईट होता. त्या विचारासरशी मी वर पत्र्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

५

निघून का गेलो नाही, असं कुणीही विचारेल. अर्धं बांधलेलं छप्पर वाऱ्यात सोडणं म्हणजे काय, हे पत्र्याचं काम न करणाऱ्याला कळत नाही. सुटलेला पत्रा गल्लीतून जाताना माणसाची मान कापतो. शेजारी दोन्ही बाजूंना पोरंबाळं होती. शिवाय संध्याकाळी बाई वडिलांना घेऊन येणार होत्या. आणि खरं सांगायचं तर काम टाकून पळालो असतो तर मला स्वतःचीच लाज वाटली असती.

मधल्या खोलीचं उरलेलं उरकून आम्ही पुढची खोली झाकायला घेतली. पत्रे वर चढवताना दोघं वर, बोल्टांना पक्कड खाली. माझ्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती, खालचं काम मला जमणारच नव्हतं. मी कायदा बदलला. "ठोकायचं नाही," मी म्हणालो. "तोंडाने बोल. कितीही वारा असो, ओरडून बोल. थांबलास की मी पाना ठेवून खाली येतो."

"काय बोलू?"

"एरवी गप्प बस म्हटलं तर बसतोस का? बोल काहीही."

तो बोलत राहिला. ताईने लहानपणी त्याला कसं बदडलं, दुकानदाराची मुलगी त्याच्याकडे बघते की त्याच्या मागच्या घड्याळाकडे, असलं काहीतरी. पत्र्याखालून त्याचा आवाज येत होता आणि मला त्याच्यावर इतकी माया आली की माझं मलाच नवल वाटलं. संध्याकाळी घरी गेलो की त्याची माफी मागायची, असं मी ठरवलं. मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती.

शेवटचा पत्रा राहिला. आभाळ खाली आलं होतं. दुपारचे चार वाजले असतील, पण रस्त्यावरच्या घरांतून दिवे लागले होते. मी पत्रा सरकवला, त्याच्यावर पोटावर झोपलो, भोक पाडलं. बोल्ट वर आला. मी नट दोन आटे बसवला.

"लागला, बोटं काढ!" मी ओरडलो.

"काढली, दाजी. आवळा."

"दाजी, थांबा!" हाही त्याचाच आवाज. तेवढाच जवळ. "माझा हात धरलाय! आवळू नका!"

माझ्या हातातला पाना जागीच थांबला.

"काढली बोटं. आवळा दाजी, वारा येतोय."

"मी नाही बोललो ते! दाजी, हात सुटत नाहीये!"

दोन्ही आवाज पक्कडचे. तोच घोगरेपणा, तोच तोंडाला मार लागल्यामुळे आलेला बोबडेपणा. मग वाऱ्याचा मोठा धक्का आला आणि पत्रा माझ्यासकट वीतभर उचलला गेला. तो एका बोल्टवर धरून होता, आणि त्या बोल्टचा नट दोन आट्यांवर. नट सुटला तर मी पत्र्यावर बसून गल्लीत जाणार होतो, आणि पत्रा कुणाच्या दारात शिरणार होता ते देवालाच माहीत. आवळला, आणि हात आत असला, तर मेहुण्याची बोटं गेली. आणि थांबा म्हणणारा आवाजच खोटा असला तर? मला उडवण्यासाठीच थांबवत असला तर?

मला एकच सुचलं. "पक्कड!" मी भोकाशी तोंड नेऊन ओरडलो. "मला शिवी दे!"

खालून एक आवाज हळूच म्हणाला, "तुम्हाला कशी देऊ, दाजी?"

दुसऱ्याने दिली. अशी दिली की माझ्या बापाचाही उद्धार झाला. "अरे हरामखोरा, हात सोडव माझा! थांब म्हणतोय ना तुला, नालायका!"

माझा मेहुणा मला अरेतुरे करणं शक्य नव्हतं. अठरा वर्षांत मार खाल्ला, पण अरे म्हणाला नाही. पत्रा पुन्हा उचलला. मी पाना लावला आणि सगळं वजन घालून आवळला.

खालून जी किंकाळी आली ती शिवी देणाऱ्याची होती. दुसरा आवाज बंद झाला होता.

६

पाना माझ्या हातून सुटून घरंगळत खाली गेला. मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. पाना चिखलातून उचलला, कमरेला खोचला आणि आत धावलो. आधी त्याला आधार द्यायचा, मग वर जाऊन नट काढायचा, एवढंच डोक्यात होतं.

पक्कड घोड्यावर पायांच्या टोकांवर उभा होता. उजवा हात वर, चारही बोटं हुकाखाली. रक्त बाहीतून बगलेत उतरत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कंदील विझला होता. दारातून येणाऱ्या करड्या उजेडात त्याचं तोंड चुन्यासारखं दिसत होतं.

मी घोड्यावर चढलो, त्याच्या कमरेला मिठी मारून त्याचं वजन माझ्यावर घेतलं. "मी चुकलो," मी म्हणालो. "चुकलो रे बाबा. आत्ता सोडवतो. हलू नकोस." मी त्याच्या मनगटाला हात घातला. तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा श्वास घेत होता.

तेवढ्यात वर पत्र्यावर पाऊल वाजलं.

एक. मग दुसरं. उंचवट्यांवर जपून टाकलेली, बोल्टांच्या रांगेवरून चालणारी, सरावाची पावलं. ती बरोबर आमच्या डोक्यावर थांबली.

"पक्कड!" वरून आवाज आला. "काय झालं रे? मी आहे ना, घाबरू नकोस!"

तो माझा आवाज होता. चूक माझी असते तेव्हा मी असाच ओरडतो, वर मोठा आणि आतून मऊ. बाहेरच्या कुणाला हा फरक कळत नाही, फक्त माझ्या घरच्या माणसांना कळतो.

पक्कडने माझ्या खांद्यावरचं डोकं हळूहळू मागे घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून मला कुणी कधी पाहिलं नसेल. त्याच्या डोळ्यांत आधी शंका होती, मग शंका गेली.

"अरे, मी आहे," मी म्हणालो. "मी. तुझा दाजी. बघ ना माझ्याकडे."

"दाजी!" तो वर तोंड करून ओरडला, घसा फुटेल असा. "दाजी, लवकर या! ते परत आलंय! त्याने मला धरलंय!"

"येतो," वरचा म्हणाला. "धरून ठेव तू त्याला."

"पक्कड, ऐक माझं..." मी त्याची कंबर सोडली नाही. सोडली असती तर सगळा भार त्या चार बोटांवर आला असता. त्याने मोकळ्या हाताची बोटं माझ्या डोळ्यांत खुपसली. ती बोटं एकदा धरलं की सोडत नाहीत. मी तरी त्याला उचलून धरलं. मग त्याने गुडघा वर घेतला आणि सगळा जीव एकवटून माझ्या छातीत लाथ मारली.

मी घोड्यासकट पाठीवर फरशीवर पडलो. श्वास निघून गेला. एका डोळ्याने काही दिसत नव्हतं, दुसऱ्यासमोर दार होतं आणि दाराबाहेर आमची शिडी. तिच्यावरून दोन पाय उतरत होते. शिडीची तिसरी पायरी खिळखिळी आहे. शिडी आम्ही दोघंच वापरतो आणि त्या पायरीवर पाय न ठेवता उतरतो, हे तिसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्या पायांनी ती पायरी सोडली आणि ते पुढच्या पायरीवर टेकले.

माझ्या डोक्यावर माझा मेहुणा एका हाताने लटकत हसत होता आणि रडत होता.

"आले," तो म्हणत होता. "आले माझे दाजी."